पान चौदा, ओळ सहा

३ मार्च

आज ओव्हन घरी आला. बाबांनी गोदामातून हातगाडी मागून आणली होती आणि तिच्या बाजूने ते असे चालत होते, जणू वर मंत्री बसलाय. गल्लीत दोघांनी विचारलं, "फ्रीज घेतला का?" बाबा म्हणाले, "ऑफिसचा आहे. मुलीच्या ऑफिसचा." जोर 'मुलीच्या'वर.

ओव्हन नवाच आहे, फक्त दाराखाली रंग उडालाय, म्हणून तो दुकानात जाणार नाही. पंख्याचा ओव्हन: मागच्या बाजूला पंखा असतो आणि तो गरम हवा आत फिरवत ठेवतो. मला त्याची माहितीपुस्तिका लिहायची आहे. पाव, केक, बिस्किटं, आणि मांस भाजणं. पुस्तिका नीट झाली तर मे महिन्यात मी नोकरीत कायम. नाही झाली तर काय, हे आमच्या विभागाच्या बाई बोलल्या नाहीत. टायपिंगवाले काका मात्र बोलले. "तुझ्या आधीच्या पोरीच्या पुस्तकात एक शून्य जास्त छापलं गेलं. नंतर ती दिसली नाही."

आमच्या घरात शाळेत गेलेली मी पहिली. बाबांना सही येते, आईला तीही नाही. त्यामुळे माझी चूक घरात कुणाला सापडत नाही. ती मलाच शोधावी लागते, आणि मी चोवीस तास शोधत असते.

बाईंचा एक नियम आहे. पुस्तिका लिहून झाली की ती कुणाला तरी वाचून दाखवायची आणि त्या माणसाने ऐकून तसंच्या तसं करायचं. "वाचायचं. समजावायचं नाही," बाई म्हणाल्या. "तुझ्या आईला वाचता येत नाही ना? उत्तम. तिला जमलं की जगाला जमलं." मला आधी वाईट वाटलं, मग वाटलं नाही, मग पुन्हा थोडं वाटलं.

मी माझाही एक नियम केला आहे. स्वतः करून पाहिलेलं नसेल ते लिहायचं नाही.

ओव्हनला जागा करायला आईने आपलं इस्त्रीचं टेबल हातभर सरकवलं. बाहेरच्या खोलीत आता इस्त्री, ओव्हन आणि दोन खुर्च्या. एक बाबांची. दुसरीवर गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे गठ्ठे असतात.

६ मार्च

पहिला पाव जळाला. पाककृतीत दोनशेवीस अंश होते, मी दोनशेवीस ठेवले. वरून कोळसा, आतून कणीक. कंपनीच्या तांत्रिक कागदात अगदी शेवटी, बारीक अक्षरांत सापडलं: पंख्याच्या ओव्हनमध्ये नेहमीच्या तापमानातून वीस अंश कमी करावेत आणि वेळेच्या थोडं आधी पाहावं. एवढी मोठी गोष्ट एवढ्या लहान अक्षरांत? मी ती पहिल्या पानावर घेतली.

आईला सांगत होते की आत हवा फिरते, म्हणून कमी तापमानातही काम होतं. ती इस्त्री न थांबवता म्हणाली, "म्हणजे वाऱ्याच्या दिवशी ऊन कमी असलं तरी कपडे वाळतात, तसं."

"तसंच."

"मग तसं लिही की. हे अंश-बिंश काय."

संध्याकाळी बिस्किटं केली. ट्रे गच्च भरला, एकही जागा वाया घालवली नाही. कडेची करपली, मधली पांढरी. आईने दारातूनच पाहिलं. "एकाला एक खेटून वाळत घातलीस. मधून वारा कुठून जाणार?"

मी वही काढली. 'दोन वस्तूंमध्ये बोटभर जागा ठेवावी. दोरीवर कपडे खेटून घातले तर आतून ओले राहतात, तसेच इथे.' आईचं वाक्य मी पुस्तिकेत घातलं आहे हे तिला सांगितलं. "मी कुठे काय बोलले?" म्हणाली आणि कुणाच्या तरी कॉलरकडे वळली.

११ मार्च

पहिली कोंबडी. दीड किलो, जाळीवर ठेवून, एकशेऐंशी अंश, एक तास दहा मिनिटं. मांडीच्या जाड भागात थर्मामीटर घालून पाहिलं, बरोबर पंचाहत्तर. कातडी अशी कुरकुरीत की बोट लावलं तर आवाज आला. मी पुस्तिकेसाठी वेळ टिपत होते, तेवढ्यात बाबांनी सुरी घातली. सगळा रस फळीवर, फळीवरून टेबलावर, टेबलावरून एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर. कोंबडी कोरडी, शर्ट ओला. बाबा म्हणाले, "चव चांगली आहे." ते सगळ्यालाच असं म्हणतात, त्यामुळे टिपणात घेता येत नाही.

१२ मार्च

बाईंना विचारलं. "लगेच कापलीत? अगं, तिला जरा बसू द्यायचं. तापलेला रस सैरावैरा झालेला असतो. पंधरा मिनिटांत आपापल्या जागी जातो."

आता हे लिहायचं कसं? 'मुरू द्यावे' लिहिलं तर लोकांना वाटेल मसाल्याचं चाललंय. 'निवू द्यावे' लिहिलं तर गार करून खातील. 'तसेच ठेवावे' म्हणजे किती वेळ, कशासाठी? दुपारपर्यंत अकरा शब्द खोडले. शेवटी बाई म्हणाल्या, "विश्रांती द्यावी, असं लिही. माणसाचं आणि मांसाचं या बाबतीत सारखंच असतं."

टायपिंगवाले काका ऐकत होते. "मेलेल्या कोंबडीला विश्रांती? पोरी, तिला आता विश्रांतीच विश्रांती."

मी हसले नाही. नंतर जिन्यात हसले.

१९ मार्च

पान चौदा एका ओळीने जास्त होत होतं. काकांनी माझा कागद पुढे केला. वाक्य असं होतं: 'मांस बाहेर काढून ठेवावे व त्याला पंधरा मिनिटे विश्रांती द्यावी. त्यानंतरच सुरी लावावी.'

"त्याला म्हणजे कुणाला? मांसालाच ना? मग कळतं की. काढ तो शब्द."

मी अर्धा तास विचार केला आणि 'त्याला' काढला. पान बसलं. घाईत सगळं पान पुन्हा हाताने लिहून दिलं. एक शब्द वाचवल्याचा दिवसभर आनंद होता.

२७ मार्च

छपाईपूर्वीची प्रत तपासली. तीनदा सरळ वाचली, एकदा शेवटाकडून सुरुवातीकडे. दोन विरामचिन्हं सापडली, एक 'शी' चा 'शि' सापडला. मी सही केली, खाली बाईंनी केली. घरी येताना एकदम वाटलं, तापमानांच्या तक्त्यात काही राहिलं. परत गेले. काही राहिलं नव्हतं. पहारेकरी म्हणाला, "ताई, पुन्हा आलात तर चहा ठेवतो."

९ एप्रिल

पुस्तिका छापून आली! दोन हजार प्रती. प्रत्येक ओव्हनच्या खोक्यात एक जाईल आणि सोबत अभिप्रायाचं एक कार्ड. मी वास घेतला. बाईंनी ते पाहिलं.

आज घरी बाईंच्या नियमाप्रमाणे चाचणी; छपाईच्या घाईत ती राहून गेली होती. मी वाचत होते, आई करत होती, आणि मी मधेमधे तिच्या हातांकडे पाहून टिपण घेत होते. ओव्हन आधी तापवणं, स्पष्ट. जाळी मधल्या खणात, स्पष्ट. फॉइल सैल ठेवू नये, पंख्याच्या वाऱ्याने उडते, स्पष्ट. (इथे आई म्हणाली, "साहजिकच.") कोंबडी छान झाली. मी पान चौदा वाचलं: "मांस बाहेर काढून ठेवावे व पंधरा मिनिटे विश्रांती घ्यावी. त्यानंतरच सुरी लावावी."

आई थांबली. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"असं लिहिलंय?"

"छापलंय," मी म्हटलं, जरा अभिमानाने.

आईने खुर्चीवरचे गठ्ठे उचलून जमिनीवर ठेवले आणि ती बसली. हात मांडीवर. मी घाबरले. "चक्कर येतेय का?" नाही म्हणाली. "पाणी देऊ?" तर म्हणाली, "दे." आईने कधी मला पाणी मागितल्याचं आठवत नाही. पाणी पिऊन ती खिडकीबाहेर पाहत बसली. बाबा आले, दारातच थबकले, आणि मला बाजूला घेऊन कुजबुजले, "आजारी आहे का गं?"

"पंधरा झाली की सांग," आई म्हणाली.

पंधरा मिनिटांनी उठली, कोंबडी कापली. एक थेंब रस सांडला नाही. टिपण: 'ओळ सहा दोनदा वाचावी लागली. अक्षर फार लहान आहे का?'

आईच्या गुडघ्यांचं काहीतरी पाहायला हवं.

१२ एप्रिल

आई म्हणाली, एका कोंबडीने खात्री होत नाही, पुन्हा करून पाहू. मला इतकं बरं वाटलं! मला वाटायचं, काळजी करण्याचा स्वभाव घरात माझा एकटीचा. चाचणीच्या मालासाठी चिठ्ठी दिली, ऑफिसने दोन कोंबड्या दिल्या.

१७ एप्रिल

चार झाल्या. चारही उत्तम. आईला पुस्तिका आता पाठ आहे, तरी मला पान चौदा वाचायला लावते. शेजारच्या शिवणकाकू दोनदा बरोबर त्या वेळेला आल्या. त्यांना वास येतो की काय कोण जाणे. त्या इस्त्रीच्या टेबलाला टेकतात, आई खुर्चीवर, आणि दोघी हसतात. कोंबडी समोर वाफाळतेय आणि या हसताहेत. एवढं हसण्यासारखं त्यात काय आहे ते मला कळलं नाही. मी विचारलं तर शिवणकाकू म्हणाल्या, "तुझं पुस्तक फार छान आहे गं." मला भरून आलं.

आईने विचारलं, "पावाला नाही का विश्रांती?" मी सांगितलं, पाव जाळीवर काढून थेट गार करायचा. "आणि केकला?" केक दहा मिनिटं साच्यातच ठेवावा, मग उलटा करावा. "म्हणजे तिथे माझं काही नाही," आई म्हणाली. बरोबर आहे, साचा उलटा करायला मीच असते.

२१ एप्रिल

मटणाची तंगडी, एकशेसाठ अंश. आईने वीस मिनिटं घेतली. मी म्हटलं, पंधरा लिहिलंय. ती म्हणाली, "केवढी मोठी आहे बघ की." तांत्रिकदृष्ट्या तिचं बरोबर होतं. बाबा ताटापुढे बसून म्हणाले, "अगं, वाढतेस ना?" आई बसल्या जागेवरून म्हणाली, "पुस्तकात बसा म्हणलंय." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली; मांसाला बसू द्यायचं, हे पुस्तकात आहेच.

बाबांनी रिकामं ताट जरा मागे सरकवलं. छापलेल्याशी ते वाद घालत नाहीत.

२६ एप्रिल

आज सगळं संपलं.

अभिप्रायाची कार्डं यायला लागली आहेत. बाईंनी पहिला गठ्ठा माझ्याकडे दिला, वहीत उतरवायला. पहिलं: 'पाव छान होतो.' दुसरं: 'दिवा लवकर गेला.' तिसरं एका बाईंचं, अक्षर बारीक आणि गोल: 'पान १४ वरील सूचना फार आवडली. सासूबाईंना व मिस्टरांना वाचून दाखवली. पंधरा मिनिटे कोणी हाक मारली नाही. आपले आभार.'

कोणती सूचना? मी पान चौदा उघडलं. ओळ सहा.

'विश्रांती घ्यावी.'

मी ते पान निदान वीसदा मोठ्याने वाचलं आहे. माझ्या डोक्यात 'द्यावी' होतं, डोळ्यांसमोर 'घ्यावी' होतं, तोंडातून कोणतं येत होतं त्याकडे माझं लक्षच नव्हतं. माझा मूळ कागद शोधला. घाईत लिहिलेला माझा 'द्या' अगदी 'घ्या'सारखा आहे. काकांनी जे दिसलं ते छापलं. आणि वाक्याला वाचवू शकला असता असा एकच शब्द, 'त्याला', तो मीच काढला होता आणि दिवसभर आनंदात होते.

दोन हजार प्रती. कार्डांचा गठ्ठा खणात ठेवून कुलूप लावलं. मग वाटलं, हा पुरावा दडवणं झालं. कुलूप काढलं. मग वाटलं, कुणी पाहील. पुन्हा लावलं.

२७ एप्रिल

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "कुणी मेलं का?" नाही. "जळलं का?" नाही. "मग झाकली मूठ सव्वा लाखाची. एक महिना तोंड मिटून काढ, कायम हो, मग हवी तेवढी प्रामाणिक हो."

आई इस्त्री करत होती. तिने एकच विचारलं. "मग ते मांसाला म्हणत होते होय?"

"हो आई. माझी चूक झाली."

"मला नव्हतं होय ते."

तिने जमिनीवरचे गठ्ठे उचलून खुर्चीवर ठेवले. मी विचारलं, रागावलीस का? म्हणाली, "मी कशाला रागावू? लिहिण्या-वाचण्याची चूक, त्यातलं मला काय कळतं."

आज एक कोंबडी ओव्हनमध्ये होतीच. ती आईने बाहेर काढली, शर्टाची एक बाही संपवली आणि उभ्या उभ्याच कापली. चार मिनिटं पण झाली नव्हती. रस सगळा फळीवर. आई असं कधी विसरत नाही. माझ्या नोकरीची तिला फार काळजी लागलेली दिसते.

२८ एप्रिल

शिवणकाकू आल्या, खुर्चीकडे पाहिलं आणि विचारलं, "का गं? आज बसली नाहीस?" आई म्हणाली, "छपाईत चूक झाली होती." शिवणकाकू माझ्याकडे अशा पाहून गेल्या, जसं मी त्यांचं काही चोरलंय.

उद्या बाईंना सांगणार. आरशासमोर चार वेळा बोलून पाहिलं. तिसऱ्या वेळेला चांगलं जमलं होतं.

२९ एप्रिल

सांगितलं. तिसऱ्यासारखं नाही जमलं. मी सुरुवातच "माझ्या आईचा यात काही दोष नाही" अशी केली, त्यामुळे बाईंना बराच वेळ काही कळेना.

त्यांनी चष्मा लावला, पान चौदा वाचलं. मग पुन्हा वाचलं. मी म्हटलं, चूक माझी एकटीची आहे, राजीनामा लिहून आणला आहे.

"तपासलेल्या प्रतीवर खाली सही कुणाची आहे?"

"तुमची."

"मग माझ्या वाट्याचं तू का रडतेस? पूस ते."

मी डोळे पुसले आणि विचारलं, आधीच्या मुलीला एका शून्यासाठी काढलं होतं ना? बाई म्हणाल्या, "तिला? तिला दुसऱ्या कारखान्यात माझ्यापेक्षा वरची खुर्ची मिळाली. शून्य टायपिंगवाल्यांनी घातलं होतं." दाराबाहेर काकांचं यंत्र जरा जोरात वाजू लागलं.

मग बाईंनी आपल्या खणातून एक पत्र काढलं. कालच थेट मालकांकडे आलं होतं आणि मालकांनी त्यावर लाल शाईने 'हे काय आहे?' लिहिलं होतं. पत्र असं: 'महोदय, आपल्या पुस्तकाच्या पान १४ वरील आदेशामुळे माझी पत्नी मांस बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटे उठत नाही. परवा पाहुणे आले तरी उठली नाही. थोड्या वेळाने पाहुणीही तिच्याजवळ बसली. कृपया आदेश मागे घ्यावा.'

"हे काय आहे ते मलाही कळत नव्हतं," बाई म्हणाल्या. "आता कळलं."

शुद्धिपत्र काढावं लागणार. एक कागद, प्रत्येक खोक्यात. चार तारखेपर्यंत मी लिहायचं. "जे खरं आहे तेच लिही," बाई म्हणाल्या. "कमी नको, जास्त नको. मालक वाचणार आहेत. तुझ्या कायम होण्याच्या कागदावर तेच सही करतात, हे लक्षात असू दे."

१ मे

पहिला मसुदा: 'पान १४, ओळ ६: "विश्रांती घ्यावी" याऐवजी "मांसाला विश्रांती द्यावी" असे वाचावे.' सुटसुटीत. चूक शक्यच नाही.

नियमाप्रमाणे आईला वाचून दाखवला आणि करायला लावलं. तिने कोंबडी बाहेर काढून ठेवली. "दिली विश्रांती," म्हणाली आणि इस्त्रीकडे वळली. मी घड्याळ लावून बसले. चौथ्या मिनिटाला ती एक शर्ट ठेवायला गेली, वाटेत फळी होती, फळीवर सुरी होती, आणि सुरी कधी हातात आली तिलाही कळलं नाही. मी ओरडले तोवर एक तंगडी सुटली होती. रस गेला.

"उभ्या माणसाला समोर काम दिसतं," आई म्हणाली. "मी काय करू?"

२ मे

पुन्हा केली. मसुदा तोच, आई तीच. सहाव्या मिनिटाला बाबा आले, "झालं का?" म्हणाले, आणि आईने कापली. कोरडी.

मी जुनी टिपणं काढून बसले. आई बसली होती तेव्हाच्या चाचण्या: अकरा. अकराही उत्तम. आई उभी होती तेव्हाच्या: तीन. तिन्ही बिघडल्या. बाबांची पहिली धरली तर चार.

मी स्वतः करून पाहिलेलंच लिहिते. आणि करून पाहिलं तर छापलेलं वाक्य बरोबर निघतं आणि माझं शुद्धिपत्र चुकीचं निघतं. हे मालकांना कसं सांगायचं? पत्रवाल्या गृहस्थांना तर आदेश मागे हवा आहे. कायम व्हायचं असेल तर कालचा मसुदा द्यावा. त्यात कुणाला काही सापडणार नाही. फक्त तो खरा नाही.

बाबांना विचारलं. ते कोरडी कोंबडी बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "चव चांगली आहे." थोड्या वेळाने म्हणाले, "आधीची जास्त चांगली होती."

बाबांच्या तोंडून असा फरक मी पहिल्यांदा ऐकला. टिपणात घेतला.

४ मे

दिलेलं शुद्धिपत्र, शब्दशः:

'पान १४, ओळ ६: या ओळीत "मांसाला विश्रांती द्यावी" असे हवे होते, त्याबद्दल दिलगीर आहोत. मात्र मांसाबरोबर करणाऱ्यानेही पंधरा मिनिटे बसून विश्रांती घ्यावी. करणारा उभा राहिल्यास मांस वेळेआधी कापले जाते व रस वाया जातो. करणाऱ्यास या वेळात हाक मारू नये. (बसून अकरा वेळा व उभ्याने चार वेळा करून पाहिले आहे.)'

कारण निव्वळ तांत्रिक आहे. मी बाईंना चाचण्यांचे तक्ते जोडून दिले. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "हाक मारू नये, हेही करून पाहिलंस?"

"हो. दोन तारखेला. सहाव्या मिनिटाला."

बाईंनी कंस तेवढा काढला. म्हणाल्या, "आकडे मालकांना मी तोंडी सांगते." मग काकांना आत बोलावलं आणि माझा कागद त्यांच्यापुढे धरून एकेक अक्षर वाचून घेतलं. काका म्हणाले, "आमच्या हिला दाखवू नका म्हणजे झालं."

दुपारभर बाई मालकांच्या खोलीत होत्या. मी पाण्याच्या पिंपापाशी नऊ वेळा गेले. पहारेकऱ्याने खरंच चहा ठेवला.

९ मे

शुद्धिपत्र छापून आलं. मालकांनी तक्ते पाहिले, मग घरी एक कोंबडी करवली, असं बाई म्हणाल्या. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला उशिरा आले आणि आल्या आल्या सही केली, दोन्ही कागदांवर. पत्रवाल्या गृहस्थांना एक प्रत टपालाने गेली.

मी कायम झाले.

बाबांनी ते पत्र दोन्ही हातांनी धरलं आणि विचारलं, "यात काही चूक नाही ना?" तारखेत एक होती. मी सांगितली नाही.

आज चाचणी नव्हती. तरी आईने ओव्हन तापत ठेवला, कोंबडी जाळीवर, खाली ट्रेमध्ये बटाटे, बोटभर अंतरावर. तास दहा मिनिटांनी कोंबडी बाहेर काढून फळीवर ठेवली. बटाटे अजून आत. मी शुद्धिपत्र काढून वाचलं. आई हात पुसत ऐकत होती.

"करणाऱ्याने म्हणजे कुणी?"

"तू."

"मांस वेगळं आणि मी वेगळी?"

"हो. दोघींना."

"या वेळी द्यावी का घ्यावी ते नीट पाहिलंस?"

"दोन्ही आहे, आई."

तिने गठ्ठे उचलले आणि बाबांच्या हातात दिले. बाबा ते घेऊन मधोमध उभे राहिले, कारण ठेवायचे कुठे ते कुणी सांगेना आणि हाक मारायची बंदी होती. आई बसली. दारात शिवणकाकू हजर, या वेळी आपलं स्टूल घेऊन.

मलाही एकदम पाय दुखल्यासारखे झाले. दिवसभर धावपळ झाली होती. मी भिंतीला टेकून खाली बसायला लागले, तर आई म्हणाली, "थांब. वाचणाऱ्याचं काय लिहिलंय?"

मी कागद पुन्हा पाहिला. वरून खाली, खालून वर.

"वाचणाऱ्याचं काही नाही."

"मग उभी राहा. बटाटे बघ."

मी बटाटे पाहिले. कडा तांबूस झाल्या होत्या, आणखी पाच मिनिटं लागतील. मागे त्या दोघी हसत होत्या.